राजीनामा : एक शब्द, दोन अर्थ

‘राजी’ अरबी, ‘नामा’ फारसी. मूळ अर्थ संमतिपत्र. उत्तरेकडील न्यायालयांत तोच टिकला. ‘दोनों पक्षों में राजीनामा हो गया’ म्हणजे तडजोड झाली. मुंबई इलाख्यात मात्र १८७९ च्या जमीन महसूल कायद्याच्या अमलात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा देई आणि नवा खातेदार कबुलायत लिहून देई. राजीखुशीने हक्क सोडण्याचा हाच भाव ‘त्यांनी पदाचा राजीनामा दिला’ या मराठी वाक्यात आहे. परप्रांती चाकरी करणाऱ्या आम्हा मराठी मंडळींनी हा भेद ध्यानी ठेवावा. पद सोडताना हिंदी पत्रात ‘त्यागपत्र’ किंवा ‘इस्तीफा’ लिहावे. एरवी आम्ही निरोप घेत असू आणि वाचणारा समजेल, आम्ही राजी झालो!