दर्शनरांग आणि वेळेचे तिकीट : देवासची टेकडी ते मांडवगड

धार व देवास ही माळव्यातील पवारांची संस्थाने. आज या दोन्ही ठिकाणी गर्दीची दोन निराळी रूपे पाहावयास मिळतात. देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी (बडी माता) व चामुंडा (छोटी माता) यांच्या दर्शनास नवरात्रात दिवसरात्र भाविकांची रीघ लागलेली असते. इंदूरहून पायी येणारेही पुष्कळ असतात. धार जिल्ह्यातील मांडवगडावर प्रवासी जहाज महाल, होशंगशहाची कबर, रूपमती मंडप पाहावयास येतात. अशा ठिकाणी वेळेचे तिकीट अथवा टोकन कशासाठी असते, ते कसे चालते आणि त्याच्याकडून काय अपेक्षावे, याची माहिती भाविक व विश्वस्त मंडळी यांच्यासाठी आम्ही येथे देत आहोत.

रांग का वाढते?

रांगेचे शास्त्र नवे नाही. डेन्मार्कचे गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ साली दूरध्वनीच्या प्रतीक्षेचा हिशेब मांडला, तेथून या शास्त्राचा आरंभ मानतात. त्यातील मूळ गोष्ट मात्र कोणासही समजण्याजोगी आहे. उदाहरणादाखल असे धरू की, एकेरी रांगेतील प्रत्येक भाविक देवीसमोर सरासरी तीन सेकंद थांबतो. म्हणजे मिनिटाला २० आणि तासाला १२०० जणांचे दर्शन होते. तासाला २००० भाविक येऊ लागले, तर दर तासाला ८०० जण शिल्लक राहतात. तीन तासांनंतर रांगेत २४०० जण उभे असतात आणि शेवटच्या माणसास दोन तास थांबावे लागते. कठडे वाढविल्याने यात फरक पडत नाही. कठड्यांनी रांगेस शिस्त लागते, गाभाऱ्याची क्षमता वाढत नाही.

टोकन काय करते व काय करीत नाही

वेळेच्या टोकनानेही ही क्षमता वाढत नाही. ते प्रतीक्षेची जागा बदलते. चढणीवर दाटीवाटीत उभे राहण्याऐवजी भाविक धर्मशाळेत, बाजारात वा घरी थांबतो आणि नेमल्या वेळी येतो. तिरुपती येथे भाविकांना बसून वाट पाहता यावी म्हणून दालनांचे रांग-संकुल आहे आणि वेळ नेमून दिलेली टोकनेही देण्यात येतात. ताजमहालाच्या तिकिटावर एप्रिल २०१८ पासून तीन तासांची मर्यादा आली. येथे आत थांबण्याच्या काळावर बंधन घालून गर्दी आटोक्यात ठेवली जाते.

मांडवगडाची गोष्ट निराळी आहे. तेथील वास्तू विस्तीर्ण पठारावर विखुरलेल्या आहेत. राजवाड्यांचा परिसर व रूपमती मंडप यांची तिकिटेही स्वतंत्र आहेत. त्यामुळे प्रवासी आपोआप पांगतात. देवासच्या टेकडीवर मात्र सर्वांस त्याच दोन गाभाऱ्यांसमोर यावयाचे असते. म्हणून एका ठिकाणची व्यवस्था दुसरीकडे जशीच्या तशी लागू पडत नाही.

टेकडीवरील धोका

डोंगरावरील देवस्थानी हा विषय केवळ सोयीचा नसून जिवाचा आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळील मांढरदेवी येथे अरुंद वाटेवर व निसरड्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. १३ ऑक्टोबर २०१३ रोजी, नवरात्रातच, मध्य प्रदेशातील दतिया जिल्ह्यात रतनगड मंदिराकडे जाणाऱ्या पुलावर अफवेने गोंधळ उडाला व शंभरावर माणसे दगावली. चौरस मीटरमागे पाच-सहा माणसे झाली की माणसाचा स्वतःच्या पावलांवर ताबा राहत नाही; तो लोटला जातो. उतारावर हे संकट अधिकच वाढते.

टोकन हाही यावर रामबाण उपाय नव्हे. ८ जानेवारी २०२५ रोजी तिरुपती येथे वैकुंठद्वार दर्शनाची टोकने घेण्यासाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन सहा भाविकांचा अंत झाला. मंदिराच्या दारातील गर्दी टळावी म्हणून काढलेले टोकनच गर्दीचे कारण झाले. टोकने थोडी, खिडक्या मोजक्या आणि वाटप एकाच मुहूर्तावर, असे झाले म्हणजे रांग नाहीशी होत नाही; ती खिडकीशी जाऊन उभी राहते.

व्यवस्था नीट चालण्यासाठी

१. टोकने क्षमतेपेक्षा कमी द्यावीत. तासाला १२०० जणांचे दर्शन होत असेल, तर १००० टोकने देऊन उरलेली जागा वृद्ध, दिव्यांग, लेकुरवाळ्या स्त्रिया व अकल्पित खोळंबा यांसाठी राखावी.

२. दोन मंदिरे असल्यास संथ मंदिराचा हिशेब धरावा. एका मंदिरात तासाला १२०० आणि दुसऱ्यात ९०० जणांचे दर्शन होत असेल, तर टोकने ९०० च्या आतच असावीत. अन्यथा उरलेली माणसे दोन मंदिरांमधल्या वाटेवर, म्हणजे ऐन टेकडीवर, साठत जातात.

३. वाटप पायथ्यापासून दूर, अनेक ठिकाणी व आगाऊ व्हावे. ज्याच्याजवळ मोबाईल नाही, त्याच्यासाठी खिडकी असावीच.

४. वेळ नेमताना एका क्षणाची न नेमता अर्ध्या वा एका तासाची मुदत असावी. पायी येणाऱ्या यात्रेकरूस घड्याळाच्या काट्यावर पोहोचणे शक्य नसते.

५. चढण्याची व उतरण्याची वाट वेगळी असावी आणि पुढील रांग थांबल्याची वर्दी पायथ्याशी तत्काळ पोहोचावी.

न्यायाचा प्रश्न

सशुल्क अथवा शीघ्र दर्शनाची रांग शेवटी त्याच गाभाऱ्यात येऊन मिळते. तिच्यातून सोडलेला प्रत्येक माणूस विनामूल्य रांगेतील कोणास तरी तेवढा वेळ मागे सारतो. अमेरिकेतील डिस्ने उद्यानांत १९९९ पासून फास्टपास नावाची वेळनिश्चितीची पद्धत होती. ती विनामूल्य असूनही साध्या रांगेतील लोकांची प्रतीक्षा लांबते, ही तक्रार तेथेही कायम राहिली. करमणुकीच्या जागी हे चालून जाईल. देवाच्या दारी मात्र पहाटेपासून अनवाणी उभ्या असलेल्या म्हातारीस आपण मागे का, हे समजले पाहिजे. यासाठी कोणत्या रांगेतून किती जण सोडले जातात, ते प्रमाण व अपेक्षित प्रतीक्षा फलकावर लिहिणे आम्हांस उचित वाटते. थांबावे लागण्याचा त्रास माणूस सोसतो. किती थांबायचे हेच कळत नसेल, तर तो अस्वस्थ होतो आणि रेटा तेथूनच सुरू होतो.

सर्व भाविकांस नम्र विनंती की, नेमल्या वेळेच्या फार आधी येऊ नये, रांगेत शिरकाव करू नये, लहान मुलांच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी आणि अफवेवर विश्वास ठेवून धावू नये. आपण दर्शनास दिलेले तीन सेकंद मागच्या माणसाच्याही वाट्याला निर्विघ्नपणे यावेत, एवढ्यासाठीच ही सारी व्यवस्था असते.