जमीन ‘गेली’ म्हणजे नेमकं काय झालं?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर जमिनीचा इतिहास विचारत फिरलात, तर एक वाक्य हमखास ऐकू येईल: ‘जमीन गेली.’ कोणी नेली, कशी नेली, हे पुढे आपण विचारायचं. मला प्रबंध इंग्रजीत लिहायचाय आणि या दोन शब्दांपाशी माझं पान अडलंय.

शाळेतलं उत्तर सोपं आहे. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’. असं का, विचारलं की सर म्हणायचे, पाठ कर. खरं तर ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ म्हणजे वळणे, मार्गाला लागणे, या वेगळ्याच क्रियापदाचं रूप. ‘गो’चा स्वतःचा जुना भूतकाळ वापरातून गेला आणि हे त्याच्या जागी बसलं. हसू नका, आपणही तेच केलंय. ‘जाणे’ संस्कृत ‘या’ धातूकडून आलं आणि ‘गेला’ ‘गम्’च्या ‘गत’कडून. दोन्ही भाषांत जाण्याचा भूतकाळ उसनाच!

पण ‘वेंट’ लिहून माझं काम होत नाही. वाचणारा विचारेल, जमीन कुठे गेली? मग ‘लॉस्ट’ लिहावं? त्यात गमावणाऱ्याचा निष्काळजीपणा डोकावतो. ‘सोल्ड’ लिहावं? कागदावर तेच असतं, खाली अंगठाही असतो. ‘टुक’ लिहावं, तर कर्ता द्यावाच लागतो.

आणि कर्ता एकच नाही, हीच तर अडचण. पावसाळ्यात घरातलं धान्य संपायचं, सावकाराकडून खावटी घ्यायची, सुगीला ती वाढीसकट फेडायची. नाही फिटली की बाकी पुढच्या वर्षावर. एक दिवस तीच माणसं आपल्याच शेतात कूळ झालेली असायची. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवराबायको दोघंही सावकाराकडे राबायची. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात या गुलामीची नोंद आहे. यात नेमक्या कुठल्या दिवशी जमीन ‘घेतली’ म्हणायची? ‘गेली’ हा शब्द त्या मानाने जास्त प्रामाणिक वाटतो. फक्त तो सावकाराला अलगद सोडून देतो.

तारखेचा प्रश्न नुसता व्याकरणाचा नाही. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा १९७४चा कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातल्या हस्तांतरणांसाठी आहे. आजोबांच्या वेळी गेलेली जमीन या चौकटीत बसतच नाही. ‘गेली’ म्हणणाऱ्याला तारीख सांगावी लागत नाही. अर्ज करणाऱ्याला मात्र लागते.

१९४५ साली हे क्रियापद बदलायचा प्रयत्न झाला. २३ मे रोजी तलासरीतल्या झरी गावी किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असं ठरलं. ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले.

बघा, मीही ‘गेले’च लिहिलं. मराठीत मरणाऱ्याबद्दल असंच बोलतात. ‘मारले गेले’ लिहिलं, तरी ‘गेले’ सुटत नाही आणि मारणारा वाक्याबाहेरच राहतो. ‘पोलिसांनी मारलं’ असं लिहिलं की कर्ता पुढे येतो.

या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या आठवणींचं नाव आहे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. इंग्रजी आवृत्तीच्या नावात तो जागा होणारा माणूस नाही, आदिवासींचं बंड आहे. अनुवाद चुकला असं मी म्हणणार नाही, पण क्रियापद बदललं आणि गोष्टही थोडी बदलली.

१९६०ला उंबरगाव तालुका फुटला, काही गावं गुजरातेत गेली. (पुन्हा तेच!) उरलेल्यांपैकी तलासरी आज पालघर जिल्ह्यात आहे.

सध्या मी असं करतोय: मुलाखतीच्या उताऱ्यात ‘गेली’ तसंच ठेवतो. खाली माझ्या वाक्यात, फेरफाराची नोंद हाती असेल तिथे ‘टुक’ लिहितो आणि घेणाऱ्याचं नाव देतो. नोंद नसेल तिथे ‘वेंट’. मार्गदर्शकांनी पहिल्याच ‘वेंट’खाली लाल रेघ मारलीये.