सिन-ए-यास

उर्दूत रजोनिवृत्तीला 'सिन-ए-यास' म्हणतात. सिन म्हणजे वय, यास म्हणजे निराशा. मूळ अर्थ इतका उदास नाही. कुरआनात इद्दतच्या मुदतीबद्दल बोलताना हेच क्रियापद येतं, पाळीची आशा उरलेली नाही अशा स्त्रियांसाठी. निराशा पाळीपुरती होती, आपण ती बाईच्या सगळ्या वयाला चिकटवली. पेण-रोह्यातल्या आमच्या घरांत दोन्ही शब्द चालत नाहीत. 'पाळी गेली' म्हणतात, तेही दार लोटून.

या वयावरच्या औषधाचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. 1942 मध्ये तिथे प्रेमॅरिन नावाची गोळी बाजारात आली. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन, म्हणून ते नाव. (आज वनस्पतीपासून बनवलेलं इस्ट्रॅडिओलही मिळतं, तेव्हा हराम-हलालची काळजी करणाऱ्यांनी एवढ्यावरून विषय बंद करू नये.) 1966 मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने पुस्तक लिहून चिरतारुण्याचं आश्वासन दिलं. 1975 मध्ये कळलं की नुसतं इस्ट्रोजेन घेतल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. मग गर्भाशय असलेल्या बाईला जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं संप्रेरक देऊ लागले.

जुलै 2002 मध्ये मोठा धक्का बसला. 16,608 स्त्रियांवरचा अमेरिकन अभ्यास मध्येच थांबवला गेला. दोन्ही संप्रेरकं घेणाऱ्यांत दर दहा हजारांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या आठ केसेस जास्त दिसल्या. जगभर गोळ्या बंद झाल्या. त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, हे मथळ्यांत आलं नाही. पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, साठीच्या आधी सुरू केलं तर बहुतेकींना फायदा जास्त, हे नंतरच्या विश्लेषणातून पुढे आलं. त्याच संशोधनाचा दुसरा भाग गर्भाशय काढलेल्या स्त्रियांवर होता. त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. पक्षाघाताचा धोका वाढल्याने तोही 2004 मध्ये थांबला, पण स्तनाचा कर्करोग त्यात वाढलेला नव्हता.

आमच्या तालुक्यांत ना चिरतारुण्याचं आश्वासन पोचलं, ना 2002 चं भय. इथे पोचली ती शस्त्रक्रिया. अंगावरून जातं, कंबर दुखते, मुलं झालीत, मग पिशवी काढून टाका. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांमुळे हे 2019 मध्ये राज्याला कळलं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार 82,309 जणींपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. तिथे उचल होती, मुकादम होता, पाळीच्या खाड्याचा दंड होता. आमच्याकडे मुकादम नाही, तरी वाक्य तेच.

माझ्या खालाची पिशवी 36 व्या वर्षी एका खासगी दवाखान्यात काढली. सोबत दोन्ही अंडाशयंही. पिशवी काढली की पाळी थांबते. अंडाशयं काढली की शरीरातलं इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं, जे एरवी हळूहळू घटत जातं. रात्री अंगातून वाफा निघायच्या, ती फरशीवर झोपायची. घरात म्हणायचे, असर आहे, फुंकर मारून आणा. बावन्नाव्या वर्षी अंगणात घसरली आणि मनगट मोडलं. हाडांचा डॉक्टर म्हणाला, सत्तरीची हाडं आहेत. इतक्या लहान वयात अंडाशयं गेलेल्या बाईला, स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार असं काही आड येत नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, हे वैद्यकशास्त्रात आज वादाचं राहिलेलं नाही. ज्या औषधावर जगात साठ वर्षं भांडण झालं, त्याची सगळ्यात स्पष्ट गरज असलेली बाई रोह्यात कॅल्शियमच्या गोळीवर होती. तिच्या कागदांच्या पिशवीत इस्ट्रोजेन हा शब्द एकदाही नाही.

मागच्या महिन्यात शाळेतल्या एका सहशिक्षिकेने विचारलं, बाई, पिशवी काढायला सांगितलीय, काढू का? ते सांगणारी मी कोण. तिच्या वहीच्या मागच्या पानावर डॉक्टरांना विचारायला दोन प्रश्न लिहून दिले. अंडाशयं ठेवणार का? नाही ठेवली, तर पुढची दहा वर्षं मला काय देणार?