बोट सुटायच्या आधी

मुंबई पाहायची ती बोट सुटायच्या आदल्या दिवशी, असा आमच्या अलिबागेकडच्या लोकांचा जुना रिवाज. वळकटी नातलगाच्या खोलीवर टाकायची, दशम्यांची पुरचुंडी बगलेत मारायची आणि दिवेलागणीपर्यंत जेवढे शहर पायांखाली घालता येईल तेवढे घालायचे. गतवर्षी दिवाळीनंतर लेकीच्या हट्टाखातर बॅलार्ड पिअरवरून गोव्याच्या बोटीत बसण्याचा योग आला. बोट संध्याकाळची, सबंध दिवस हाती. आणि माझ्यापाशी एक जुनी, अपुरी राहिलेली यादी होती.

ती यादी माझ्या थोरल्या मामाची. मामा लालबागेत राहून गिरणीत काम करी. १९४७ च्या मे महिन्यात दहा वर्षांची माझी आई मावशीबरोबर मुंबईस आली होती. परतीच्या आदल्या दिवशी मामाने तिला ट्रामने शहर दाखवले. मुंबईची ट्राम १८७४ साली घोड्यांवर सुरू झाली, १९०७ पासून विजेवर धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरला शेवटची फेरी करून थांबली. आईला ट्राम फार आवडली. तिची चाल आमच्या बैलगाडीहून फारशी निराळी नव्हती, असे ती सांगे. आम्ही टॅक्सी केली. पण भायखळ्याच्या गर्दीत तिचीही चाल बैलगाडीहून निराळी नव्हती.

यादीत पहिली राणीची बाग, म्हणजे आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. वाघ पाहायला सगळेच जातात. मामाने आईला दाखवला तो दगडी हत्ती. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच गोऱ्यांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ च्या सुमारास त्याला विलायतेस न्यावे म्हणून उचलू लागले, तो यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे तुकडे जोडून त्याला या बागेत उभे केले. आता तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर आहे. "याची बोट चुकली, म्हणून हा आपल्याकडे राहिला," असे मामा आईला म्हणाला होता. मीही लेकीला तेच सांगितले. ती हसली.

दुसरे बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३ रोजी इथून ठाण्याला एकवीस मैल पहिली आगगाडी गेली. आजची इमारत त्यानंतरची. स्टीव्हन्स नावाच्या वास्तुशिल्पज्ञाची, १८८८ साली पुरी झालेली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झाले, तरी भिंतींवरची दगडी माकडे, मोर आणि पाने जागच्या जागी आहेत. आई मान वर करकरून इतकी दमली की गेटवे राहून गेले. "पुढच्या खेपेस," मामा म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावर तिला बोटीत बसवून दिले. हा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र ऊर्फ भाऊ अजिंक्य यांनी बांधला म्हणून भाऊचा. कोकणच्या किती पिढ्यांचे निरोप त्याने ऐकले असतील!

पुढची खेप आली नाही. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. मामा घरी यायला निघाला. सकाळी 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली. बाहेर पावसाळी समुद्र खवळलेला. लाटांनी बोट एका अंगावर कलली, भेदरलेले उतारू एका बाजूला धावले आणि काशाच्या खडकाजवळ ती उलटली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळायला दुपार उजाडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. जी वाचली, त्यांतल्या पुष्कळांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. त्यांत मामा नव्हता. स्वातंत्र्य अवघ्या एकोणतीस दिवसांवर आले होते.

आई पुढे अनेकदा मुंबईस आली, पण एस.टी.ने. गेटवेकडे मात्र ती कधीच गेली नाही. आम्ही आग्रह केला की म्हणे, "ते दादा दाखवणार होता."

म्हणून दुपारी आम्ही गेटवेवर गेलो. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज इथे उतरला तेव्हा कमान नव्हतीच. पुठ्ठ्याची नक्कल उभी करून वेळ निभावली. विटेटने आखलेली खरी कमान १९२४ साली पुरी झाली, आणि चोवीस वर्षांच्या आत, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, गोऱ्या फौजेची शेवटची तुकडी तिच्याखालून चालत जाऊन बोटीत बसली. मामाच्या मृत्यूला तेव्हा साडेसात महिनेही झाले नव्हते. एवढी हकीकत आईला सांगायला त्याला किती आवडले असते! लेकीने माझा फोटो काढला. मी कमानीकडे पाठ करून समुद्राकडे पाहत होतो, अशी तिची तक्रार आहे.

बॅलार्ड पिअरवर मोठ्या बोटीत चढलो. सुटण्यापूर्वी सर्व उतारूंना बोलावून, संकट आल्यास कुठे जमायचे आणि जीवरक्षक जाकीट कसे घालायचे, हे शिकवतात. तशी सक्तीच आहे. मंडळी सुट्टीच्या आनंदात होती. कोणी थट्टा करीत होते, कोणी फोटो काढीत होते. मी जाकिटाचा पट्टा ओढून बांधला, मग लेकीचा बांधला, आणि गाठ पुन्हा एकदा तपासली.

"बाबा, अहो, ही नुसती तालीम आहे," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हटले.

बोट हलली तेव्हा अंधार पडला होता. खलाशाला मी रेवस कोणत्या अंगाला, एवढेच विचारले, आणि त्या बाजूच्या कठड्याशी जाऊन उभा राहिलो. पलीकडे दिवे लागले होते.