रोमचा अधिकमास

अधिकमास मध्ये आला की गणपती लांबतात आणि घराघरांत पंचांग उघडले जाते. 'यंदा एवढे उशिरा का?' असे विचारणाऱ्या मुलांना आपण सांगतो, चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. अकरा-अकरा दिवस साठले की एक महिना वाढवायचा. ही अडचण ग्रीकांना आणि रोमनांनाही होती. अथेन्सच्या मेटनने इ.स.पू. ४३२ मध्ये १९ वर्षांत ७ महिने वाढवण्याचे चक्र मांडले. आपल्याकडेही १९ वर्षांत साधारण सातच अधिकमास पडतात.

रोमची तऱ्हा निराळी. तिथले वर्ष ३५५ दिवसांचे, आणि जादा महिना घालायचा की नाही हे ठरवणार पुरोहितमंडळ. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्यसंक्रांत नाही तो अधिक. तिथे कुणाची मर्जी चालत नाही. रोमचे पुरोहित मात्र बहुधा राजकारणीच असत. अधिकारी एका वर्षासाठी निवडले जात. तेव्हा वर्ष लांबले की मित्राची खुर्ची टिके, महिना गाळला की विरोधकाची मुदत लवकर सरे. कर्जाचे व्याजही महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे 'कॅलेंडे'ला द्यायचे. 'कॅलेंडर' हा शब्द मुळात सावकाराच्या वहीचा, हे भिंतीवर कॅलेंडर टांगणाऱ्या आपल्याला गमतीचे वाटावे.

ज्युलियस सीझर स्वतः प्रमुख पुरोहित होता, पण युद्धांच्या धामधुमीत महिने घालायचे राहून गेले. तारखा ऋतूंच्या जवळजवळ तीन महिने पुढे धावू लागल्या. सुगीचा सण आला तरी शेतात पीक हिरवेच! अखेर अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिसच्या सल्ल्याने सीझरने इ.स.पू. ४६ या एका वर्षाला तब्बल ४४५ दिवस दिले. पुढच्या वर्षापासून ३६५ दिवस आणि दर चौथ्या वर्षी एक जादा. लवकरच त्याचा खून झाला आणि पुरोहितांनी 'दर चौथ्या'चा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. पाच दिवसांचा गणपती मोजताना आपण बसवण्याचा दिवसही धरतो, तसे रोमन लोक सुरुवातीचे वर्षही मोजत. त्यामुळे जादा दिवस दर तिसऱ्या वर्षीच पडू लागला. ते ऑगस्टसला निस्तरावे लागले.

तासांचेही तसेच. सूर्योदय ते सूर्यास्त बारा भाग, मग दिवस लहान असो वा मोठा. रोममधला तास भर उन्हाळ्यात आजच्या सुमारे ७५ मिनिटांचा, हिवाळ्यात ४५ चा. इ.स.पू. २६३ मध्ये सिसिलीतून लुटून आणलेले छायायंत्र रोमच्या चौकात बसवले गेले. ते दक्षिणेकडच्या अक्षांशाचे, त्यामुळे रोमची वेळ नीट दाखवीना; तरी प्लिनी सांगतो की शहर ९९ वर्षे त्यावरच चालले.

या तासाला ग्रीक म्हणत 'होरा'. आपल्या ज्योतिषातला होरा तोच. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने एकेक होरा मोजत जावे; रविवारचा पहिला रवीचा असेल, तर पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, चंद्राचा येतो. म्हणून रविवारनंतर सोमवार.