अॅलन होल्ड्सवर्थ : गिटारवादकांचा गिटारवादक

एप्रिल २०१७च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेत बारा सीडींचा एक संच बाजारात आला. 'द मॅन हू चेंज्ड गिटार फॉरेव्हर' म्हणजे गिटार कायमची बदलून टाकणारा माणूस, असे त्याचे शीर्षक होते. त्यानंतर जेमतेम आठवडाभरात, १५ एप्रिल रोजी, कॅलिफोर्नियातील व्हिस्टा या गावी त्या माणसाचे निधन झाले. अॅलन होल्ड्सवर्थ यांचे वय तेव्हा सत्तर वर्षांचे होते. पुढच्या एक-दोन दिवसांत त्यांच्या अंत्यसंस्काराच्या खर्चासाठी इंटरनेटवरून मदतीचे आवाहन करण्यात आले. जगभरातील चाहत्यांनी मागितलेल्या रकमेच्या कितीतरी पट पैसे पाहता पाहता जमा केले.

संचाचे भव्य शीर्षक आणि आठवडाभराने आलेले ते आवाहन, या दोहोंत होल्ड्सवर्थ यांच्या आयुष्याचे सार आले आहे. एडी व्हॅन हॅलन, फ्रँक झप्पा, जो सॅट्रियानी यांच्यासारखे नामवंत गिटारवादक त्यांचे चाहते होते. स्वीडनच्या 'मेशुगा' या मेटल बँडचा गिटारवादक फ्रेडरिक थोर्डेन्डाल याच्या वादनावरही त्यांचा ठसा स्पष्ट ऐकू येतो. परंतु गिटार हाती न धरणाऱ्या सर्वसामान्य श्रोत्याला हे नाव फारसे ठाऊक नाही. असे का घडले, हे समजण्यासाठी प्रथम त्यांचे वादन समजून घ्यावे लागते.

सॅक्सोफोनचे स्वप्न

होल्ड्सवर्थ यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४६ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील ब्रॅडफर्ड या कापड गिरण्यांच्या शहरात झाला. संगीताचे पहिले धडे त्यांना पियानो वाजविणारे आजोबा सॅम होल्ड्सवर्थ यांच्याकडून मिळाले. घरात जाझच्या तबकड्या वाजत असत. या मुलाला खरी ओढ होती ती सॅक्सोफोनची. परंतु ते वाद्य घेण्याची ऐपत नव्हती. सतराव्या वर्षी हाती आली ती गिटार.

ही तडजोड त्यांनी मनाने कधीच स्वीकारली नाही, आणि त्यातूनच त्यांची शैली जन्माला आली. गिटारची तार छेडली की पहिल्या क्षणी आवाज सर्वांत मोठा असतो आणि पुढे तो विरत जातो. फुंकवाद्याचे तसे नसते. सॅक्सोफोनवादक स्वर हळुवार सुरू करू शकतो, मध्येच फुगवू शकतो आणि एकाच श्वासात अनेक स्वर गुंफू शकतो. होल्ड्सवर्थ यांना गिटारमधून नेमके हेच हवे होते. विलायत खाँ यांनी सतारीवर गायकी अंग आणले, हे आपल्याकडच्या रसिकांना ठाऊक आहे. छेडून वाजणाऱ्या वाद्याला श्वास देण्याचा तोच ध्यास, अगदी वेगळ्या वाटेने, ब्रॅडफर्डच्या या मुलाने आयुष्यभर धरला.

डाव्या हाताची किमया

बहुतेक गिटारवादक उजव्या हातातील पिकने जवळजवळ प्रत्येक स्वर छेडतात. होल्ड्सवर्थ एखादाच स्वर छेडत आणि पुढची सारी स्वरमालिका डाव्या हाताच्या बोटांनी तारेवर अलगद आघात करून काढत. पाश्चात्त्य संगीतात अशा सलग वादनाला 'लेगाटो' म्हणतात. हे तंत्र त्यांच्या आधीही होते. फरक होता तो काटेकोरपणाचा. वरच्या स्वरावरून खालच्या स्वरावर येताना बोटाने तार किंचित ओढून सोडण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. त्यातून येणारा मांजराच्या आवाजासारखा सूर होल्ड्सवर्थ यांना खपत नसे. त्यामुळे ते बोट सरळ वर उचलत आणि प्रत्येक स्वर नव्या आघातानेच काढत. छेडलेला स्वर कोणता आणि न छेडलेला कोणता, हे ओळखता येऊ नये, इतकी समानता त्यांनी सरावाने साधली होती.

अॅम्प्लिफायरचा आवाज फाटेपर्यंत चढवून मिळणारा खरखरीत नाद ही रॉक गिटारची ओळख आहे. होल्ड्सवर्थ तोही नाद वापरत, पण नाइलाजाने. स्वर लांबवण्यासाठी त्यांना त्याची गरज होती, खरखर मात्र नको होती. हा पेच सोडविण्यासाठी ते स्वतः विद्युत उपकरणे बनवू लागले. अॅम्प्लिफायर पूर्ण क्षमतेने चालवूनही त्याचा आवाज आटोक्यात ठेवणारे 'हार्नेस' हे त्यांचे उपकरण जाणकारांत प्रसिद्ध आहे.

त्यांच्या कॉर्ड म्हणजे स्वरसंघातांची तऱ्हाही निराळी होती. त्यांची बोटे लांब होती आणि एरवी कोणी सहसा पोहोचणार नाही इतक्या दूरच्या पडद्यांवर ती एकाच वेळी पडत. त्यामुळे संघातातील स्वर एकमेकांपासून दूर आणि मोकळे वाटत. पायाजवळच्या व्हॉल्यूम पेडलने ते छेडल्याचा पहिला आघात लपवीत, मग स्वर हळूहळू वर आणीत आणि प्रतिध्वनीच्या अनेक यंत्रांमधून तो पसरवीत. ऐकणाऱ्याला वाटावे, की दुरून एखादा वाद्यवृंद वाजतो आहे. देब्युसी आणि रॅव्हेल या फ्रेंच संगीतकारांचे संस्कार येथे जाणवतात, तर एकल वादनावर छाप आहे ती जॉन कोलट्रेन या सॅक्सोफोनवादकाची.

गणिताने शोधलेले स्वर

होल्ड्सवर्थ यांनी रूढ पद्धतीने संगीतशास्त्राचे शिक्षण घेतले नव्हते. त्यांनी स्वतःचे शास्त्र स्वतःच मांडले. सप्तकातील बारा स्वरांतून किती तऱ्हेच्या मालिका निघू शकतात, याचे गणित त्यांनी कागदावर मांडले. ज्या मालिकांत लागोपाठ फार अर्धस्वर येतात, त्या गाळल्या आणि उरलेल्यांतून कानाला भावणाऱ्या निवडल्या. रूढ नावे ठाऊक नसल्याने त्यांना स्वतःची चिन्हे दिली. प्रत्येक मालिका म्हणजे एक कुटुंब, आणि संघात म्हणजे त्या कुटुंबातील काही सदस्य एकत्र उभे राहिलेले, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे एखादा संघात वाजत असताना त्यांना गिटारच्या गळपट्टीवर वरपासून खालपर्यंत त्या कुटुंबाचे सर्व स्वर एकदम दिसत. १९९२ साली निघालेल्या त्यांच्या प्रशिक्षणपर चित्रफितीत आणि 'जस्ट फॉर द क्युरिअस' या पुस्तकात ही पद्धत त्यांनी उलगडून दाखवली आहे. ती पाहूनही त्यांच्यासारखे वाजविणे मात्र फार थोड्यांना साधले.

बँडमागून बँड

ब्रॅडफर्डच्या परिसरातील नृत्यगृहांत लोकप्रिय गाणी वाजवून पोट भरणारा हा तरुण १९६९ साली 'इगिनबॉटम' या बँडच्या तबकडीतून प्रथम लोकांसमोर आला. सॅक्सोफोनवादक रे वॉर्ली यांच्या प्रोत्साहनाने तो लंडनला आला आणि मग एकेक बँड त्याला बोलावू लागला. १९७३ मध्ये 'टेम्पेस्ट', त्यानंतर 'सॉफ्ट मशीन', १९७५ मध्ये माइल्स डेव्हिसचे पूर्वीचे ड्रमवादक टोनी विल्यम्स यांचा 'लाइफटाइम', १९७६ मध्ये 'गाँग', १९७७ मध्ये व्हायोलिनवादक जाँ-ल्यूक पाँटी यांची 'एनिग्मॅटिक ओशन' ही तबकडी, पाठोपाठ ड्रमवादक बिल ब्रुफर्ड यांचा बँड आणि १९७८ मध्ये 'यूके', अशी ही यादी आहे. एवढ्या थोड्या वर्षांत इतक्या तोलामोलाच्या बँडमधून वाजविलेला दुसरा गिटारवादक सहज सापडणार नाही.

ही यादी जशी त्यांच्या मागणीची साक्ष देते, तशीच त्यांच्या अस्वस्थतेचीही. 'यूके' हा बँड त्यांना मोठी प्रसिद्धी मिळवून देऊ शकला असता. परंतु तबकडीवर जे वाजविले तेच रंगमंचावर रोज वाजवावे, ही अपेक्षा त्यांना मानवली नाही. एकल वादन हे त्या त्या क्षणी सुचले पाहिजे, या मतावर ते ठाम राहिले आणि एकाच तबकडीनंतर बाहेर पडले. १९७६ साली निघालेली 'व्हेल्व्हेट डार्कनेस' ही स्वतःच्या नावावरची पहिली तबकडी तर त्यांनी आयुष्यभर नाकारली. सराव म्हणून वाजविलेले संगीतच ध्वनिमुद्रित करून बाजारात आणले गेले, अशी त्यांची तक्रार होती.

दार उघडले आणि मिटले

१९८२ साली त्यांनी पदरमोड करून 'आय. ओ. यू.' ही तबकडी काढली. इंग्रजीत ही अक्षरे 'मी तुमचे देणे लागतो' या अर्थाने वापरली जातात. कर्जबाजारी कलावंताने आपल्या परिस्थितीची केलेली ही थट्टाच म्हणावी लागेल. पुढे ते दक्षिण कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. तेव्हा कीर्तीच्या शिखरावर असलेल्या एडी व्हॅन हॅलन यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि वॉर्नर ब्रदर्ससारख्या बलाढ्य कंपनीचे दार उघडले.

त्यातून १९८३ मध्ये 'रोड गेम्स' निघाली. मात्र निर्माते टेड टेम्पलमन आणि होल्ड्सवर्थ यांचे सूर जुळले नाहीत. काय ध्वनिमुद्रित करायचे आणि कसे, यावरून मतभेद झाले. अखेर पूर्ण लांबीच्या तबकडीऐवजी केवळ सहा रचनांची छोटी तबकडी बाजारात आली. तिला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले, पण वॉर्नरशी संबंध तेथेच संपला. यानंतरची त्यांची बहुतेक तबकड्यांची वाट लहान कंपन्यांतून गेली. १९८५ची 'मेटल फटीग', १९८६ची 'अटाव्हाक्रॉन', १९८७ची 'सँड' आणि १९८९ची 'सीक्रेट्स' या तबकड्यांनी गिटारवादकांच्या एका पिढीला वेड लावले. बाजाराचे गणित मात्र त्यातून कधी जुळले नाही.

अखेर श्वास सापडला

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास 'सिंथअॅक्स' नावाचे एक विचित्र वाद्य इंग्लंडमध्ये तयार झाले. आकाराने ते गिटारचे नातलग वाटे, पण त्याला स्वतःचा आवाज नव्हता. तारांवरील बोटांची हालचाल ओळखून ते सिंथेसायझरला आज्ञा देत असे. त्याची किंमत काही हजार पौंडांच्या घरात असल्याने मोजकेच नग विकले गेले. होल्ड्सवर्थ यांनी त्याला तोंडात धरायची एक नळी जोडली. नळीत फुंकर मारावी तसा आवाज कमी-जास्त होई. लहानपणी न मिळालेला सॅक्सोफोन त्यांना चाळिशीच्या उंबरठ्यावर असा आडमार्गाने मिळाला.

चाहत्यांतील अनेकांना त्यांनी गिटारकडेच परत यावे असे वाटे. पण वाद्य बनविणारी कंपनी बंद पडल्यावरही होल्ड्सवर्थ यांनी ते सोडले नाही. २००१ची 'फ्लॅट टायर' ही तबकडी मुख्यत्वे त्यावरच वाजविलेली आहे. त्याआधीच्या वर्षी आलेल्या 'द सिक्स्टीन मेन ऑफ टेन'मध्ये मात्र ते साध्या जाझ त्रयीच्या जवळ आले होते. अनेक जाणकार तिला त्यांच्या सर्वांत परिपक्व तबकड्यांत गणतात.

त्यानंतर नव्या तबकड्या विरळ झाल्या. मैफली सुरू राहिल्या, पण स्वतःच्या वादनाविषयीचे असमाधान वाढत गेले. घरातल्या स्टुडिओला त्यांनी 'ब्रुअरी' म्हणजे बिअरचा कारखाना असे नाव दिले होते. बिअर हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता आणि बिअर ओतण्याचा एक खास पंपही त्यांनी शोधून काढला होता. उपकरणाशी झटत राहण्याची ही वृत्ती संगीतातही होती. बेत मनासारखा जमेपर्यंत ते थांबत नसत, आणि मनासारखा तो क्वचितच जमे.

उपेक्षेचा हिशेब

होल्ड्सवर्थ यांच्या उपेक्षेचा सारा दोष बाजाराच्या माथी मारणे सोपे आहे. त्यात तथ्यही आहे. त्यांचे संगीत जाझच्या खणात बसत नव्हते आणि रॉकच्याही नाही. गुणगुणता येईल अशी सुरावट त्यात चटकन सापडत नाही, आणि पहिल्या श्रवणात त्यांच्या स्वरांचा वेगच तेवढा जाणवतो. पण संधी आल्या नाहीत असेही नाही. 'यूके'च्या रूपाने आली, वॉर्नरच्या रूपाने आली. दोन्ही वेळा त्यांनी कानाला पटेल तेच केले आणि त्याची किंमत मोजली. ज्या हट्टामुळे त्यांना सर्वसामान्य श्रोता दुरावला, त्याच हट्टातून ती शैली घडली होती. त्यातले एक वगळून दुसरे ठेवता आले नसते.

नव्या श्रोत्याने सुरुवात 'यूके'च्या 'इन द डेड ऑफ नाइट' या गाण्यातील एकल वादनापासून करावी. सॉफ्ट मशीनच्या 'बंडल्स' या १९७५च्या तबकडीतील 'हॅझर्ड प्रोफाइल' आणि लाइफटाइमच्या 'बिलीव्ह इट'मधील त्यांची स्वतःची रचना 'फ्रेड' त्यानंतर ऐकावी. मग 'मेटल फटीग' आणि 'सीक्रेट्स'कडे वळावे आणि शेवटी रात्रीच्या निवांत वेळी 'द सिक्स्टीन मेन ऑफ टेन' लावावी. स्वर कोठे छेडला, हे शोधण्याचा नाद तोवर सुटलेला असतो. उरतो तो एक लांबलेला, सलग श्वास.