विमानाचं तिकीट वापरलंच नाही? रिफंड, क्रेडिट शेल आणि मुदतीचे नियम समजून घ्या

रजा नामंजूर होते, लग्नाची तारीख पुढे जाते, घरात कुणी आजारी पडतं आणि आधीच काढलेलं विमानाचं तिकीट तसंच राहतं. ‘नॉन-रिफंडेबल होतं, गेले पैसे’ असं म्हणून अनेक जण विषय सोडून देतात. काहींचे पैसे क्रेडिट म्हणून कंपनीकडे पडून असतात आणि मुदत उलटल्यावरच त्यांची आठवण येते. यातले बरेचसे पैसे वाचवता येतात.

नॉन-रिफंडेबल तिकिटाचे काहीच पैसे मिळत नाहीत?

मिळतात. तिकिटाच्या रकमेत मूळ भाडं, इंधन अधिभार, सरकारी कर आणि विमानतळ शुल्क असं सगळं असतं. डीजीसीएच्या नियमांनुसार रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. ऑफरमधलं तिकीट असो किंवा तुम्ही विमानतळावर पोहोचलाच नसाल, तरी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळायला हवं.

समजा, तिकीट 5,200 रुपयांचं आहे आणि त्यात कर व शुल्क 900 रुपये आहे. बाकी सगळं कापलं गेलं तरी हे 900 रुपये तुमचे. चौघांच्या कुटुंबासाठी हीच रक्कम 3,600 रुपये होते.

क्रेडिट शेल म्हणजे काय? ते घ्यावंच लागतं का?

रिफंडची रक्कम तुमच्या खात्यात न देता विमान कंपनी पुढच्या प्रवासासाठी स्वतःकडे जमा ठेवते, त्याला क्रेडिट शेल म्हणतात. रिफंडची रक्कम अशी ठेवायची की नाही, हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नाही, असं डीजीसीएचा नियम सांगतो. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील, तर रद्द केल्यापासून 7 दिवसांत रिफंड द्यावा लागतो. कंपनीनेच विमान रद्द केलं, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, असा पर्याय तुमच्याकडे असतो.

कंपनी बंद पडली तर?

क्रेडिट म्हणजे बँकेतली ठेव नाही. जेट एअरवेजची विमानं एप्रिल 2019 मध्ये थांबली, गो फर्स्टची मे 2023 मध्ये. दोन्ही कंपन्या पुढे अवसायनात गेल्या आणि प्रवाशांना आपल्या पैशांसाठी इतर देणेकऱ्यांसोबत रांगेत उभं राहावं लागलं. म्हणून पैसे परत मिळत असतील, तर क्रेडिटपेक्षा पैसे घेतलेले बरे.

क्रेडिट आधीच जमा असेल तर काय तपासाल?

- मुदत कशाची आहे? त्या तारखेपर्यंत फक्त बुकिंग करायचं आहे की प्रवासही पूर्ण करायचा आहे, हे अटींमध्ये पाहा. गल्लत इथेच होते.
- कुणासाठी वापरता येईल? अनेकदा क्रेडिट मूळ प्रवाशापुरतंच असतं.
- उरलेल्या रकमेचं काय? 6,000 च्या क्रेडिटवर 4,500 चं तिकीट काढलं, तर बाकीचे 1,500 राहतात की बुडतात, हे आधी विचारा.
- बुकिंग कुठून केलं होतं? ॲप किंवा एजंटकडून काढलेल्या तिकिटाचं क्रेडिट अनेकदा तिथूनच वापरावं लागतं.

पीएनआर, रक्कम आणि शेवटची तारीख एका जागी लिहून ठेवा. मुदतीच्या दोन महिने आधीचं रिमाइंडर लावा. मुदत संपत आली असेल, तर वाढवून देण्याची विनंती ईमेलवर करा, म्हणजे लेखी पुरावा राहतो.

तिकीट दुसऱ्याला विकता येतं का?

नाही. विमानाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा फेसबुकवर कुणी ‘स्वस्तात तिकीट’ विकत असेल, तर त्या फंदात पडू नका. जायचं नक्की नसेल, तर विमान सुटण्याआधी, कंपनीने दिलेल्या वेळेत तिकीट रद्द करा. गैरहजर राहिलात तर सहसा जास्त पैसे कापले जातात.

कंपनी दाद देत नसेल तर?

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. तिथेही काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते.

कस्टमर केअरचा नंबर मात्र कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. सोशल मीडियावर तक्रार टाकली की ‘रिफंड करून देतो’ म्हणणारी बनावट खाती लगेच मेसेज करतात. त्यांना ओटीपी किंवा कार्डाची माहिती देऊ नका.